एरर नाही, तरी आऊटपुट रिकामं: फाईलींमधून मजकूर काढणारी तुमची पायथन स्क्रिप्ट कुठे अडते

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एका फोल्डरमधे बऱ्याच टेक्स्ट फाईली आहेत, प्रत्येकीत कुठेतरी "विषय:" अशी ओळ आहे, तिच्यापुढचा मजकूर उचलून सगळे विषय एका फाईलीत एकाखाली एक हवेत. स्क्रिप्ट छोटीशीच. ओएस डॉट लिस्टडिरने नावं घेतली, फॉर लूप लावला, लूपच्या आत आधी आऊटपुट फाईल डब्ल्यू मोडमधे उघडली, मग त्या नावाची फाईल उघडून रीड केली, री डॉट सर्च, ग्रुप वन, राईट, आणि या सगळ्याभोवती ट्राय, खाली एक्सेप्ट आणि पास. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर आऊटपुट फाईल तयार होते पण रिकामी. मैत्रिणीने तीच स्क्रिप्ट मॅकवर त्याच फोल्डरात टाकून, लिस्टडिरचा कंस रिकामा ठेवून चालवली तर एकच ओळ आली आणि तीही कंस नि चिन्हांची. एरर कुठेच नाही. आता तुम्ही विचारताय की रेजेक्स (री डॉट सर्चच्या कंसातला, मजकुरात काय शोधायचं ते सांगणारा पॅटर्न) चुकलंय का.

रेजेक्सला हात लावू नका अजून. तो शेवटचा संशयित आहे, कारण तुमच्या लॅपटॉपवर गाडी त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही.

पहिलं काम, ते ट्राय आणि एक्सेप्ट पास काढून टाका. आत्ता, बाकी काही बदलायच्या आधी. तुम्ही लिहिलंय की "एरर येऊ नये म्हणून" घातलं, आणि तेच झालंय, एरर येतेय पण तुम्हाला दिसत नाहीये, दुखतंय कुठे ते सांगणाऱ्याच्याच तोंडात बोळा कोंबलाय. नुसतं एक्सेप्ट लिहिलं, पुढे एररचं नाव दिलं नाही, की ते सगळंच गिळतं, फाईल सापडली नाही तरी गप्प, व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तरी गप्प, इतकंच काय तुम्ही कंट्रोल-सी दाबून थांबवायला गेलात तरी तेही गिळून पुढच्या फाईलीवर जातं. शिकणाऱ्यांच्या स्क्रिप्टमधे मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा येत असेल तर या दोन ओळींचा, आणि गंमत म्हणजे बहुतेकांनी त्या कुठल्यातरी ट्युटोरियलमधून जशाच्या तशा उचललेल्या असतात.

ते काढून चालवलंत की ट्रेसबॅक, म्हणजे पायथनने दिलेला एररचा तपशील, येईल. तो खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत झालं ते. तुमच्याकडे शेवटच्या ओळीत फाईलनॉटफाऊंडएरर असेल, माझी खात्री आहे, कारण लिस्टडिर फक्त नावं देतो, पूर्ण पाथ देत नाही. फोल्डरमधे "अहवाल१.टीएक्सटी" आहे एवढंच तो सांगतो, आणि तुम्ही ते नाव तसंच ओपनला दिलंत, तर ओपन ते शोधतो करंट वर्किंग डिरेक्टरीत, म्हणजे टर्मिनल किंवा एडिटर ज्या फोल्डरमधे उभा आहे तिथे. हा फोल्डर स्क्रिप्ट जिथे सेव्ह केलीय तोच असेल असंही नाही, बऱ्याच एडिटरमधे तो प्रोजेक्टचा वरचा फोल्डर असतो. शंका असेल तर ओएस डॉट गेटसीडब्ल्यूडी प्रिंट करून बघा, बऱ्याच जणांना तिथेच उत्तर मिळतं. मैत्रिणीच्या मॅकवर ही एरर का नाही आली, तर तिने स्क्रिप्ट त्या फोल्डरातच ठेवून तिथूनच चालवली, मग नुसतं नाव पुरलं.

उपाय म्हणून ओएस डॉट पाथ डॉट जॉइन वापरू शकता, पण नवीनच शिकताय तर थेट पाथलिब हे मोड्यूल शिका. पाथ या क्लासला फोल्डर द्यायचा आणि ग्लोबला "तारा टिंब टीएक्सटी" असा पॅटर्न द्यायचा, प्रत्येक वस्तू फोल्डरच्या पाथसकट येते, शिवाय फोल्डरमधला इतर कचरा आपोआप गाळला जातो. त्याभोवती सॉर्टेड लावा, कारण लिस्टडिर काय किंवा ग्लोब काय, फाईली कुठल्या क्रमाने येतील याची काही गॅरंटी नसते, विंडोजवर बहुतेकदा नावाप्रमाणे येतात म्हणून लोक गृहीत धरतात. आणि मॅक किंवा लिनक्सवर कॅपिटल एक्स्टेन्शनच्या फाईली या पॅटर्नमधे येत नाहीत, विंडोजवर येतात, तेवढं ध्यानात ठेवा.

पाथ लिहितानाची अजून एक खोड. विंडोजचा पाथ कॉपी करून अवतरणात पेस्ट केला की बॅकस्लॅशनंतरचं अक्षर पायथन वेगळं वाचतो, बॅकस्लॅश एन म्हणजे नवी ओळ, बॅकस्लॅश टी म्हणजे टॅब, आणि सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरचा पाथ असेल तर बॅकस्लॅश कॅपिटल यू येतो, ज्यावर "युनिकोडएस्केप" असं काहीतरी बोलत सिंटॅक्सएररच येते. लोक मग युनिकोडच्या मागे लागतात, फाईलीचं एन्कोडिंग (अक्षरं बाईटमधे साठवायची पद्धत) तपासत बसतात, आणि भानगड नुसत्या पाथची असते. अवतरणाच्या आधी आर लावा किंवा सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा, विंडोजवर पायथनला तो चालतो.

आता मॅकवरची ती विचित्र ओळ. तुम्ही दिलेली ओळ अशी आहे (मूळ इंग्रजी शब्द मी देवनागरीत लिहितोय):

(.*)", टेक्स्ट)

ही ओळ कुठे पाहिलीय का? तुमच्याच स्क्रिप्टमधे आहे. री डॉट सर्चच्या कंसात "विषय:(.*)" असा पॅटर्न आणि त्यापुढे स्वल्पविराम देऊन टेक्स्ट हा व्हेरिएबल, बरोबर? मैत्रिणीने स्क्रिप्ट त्याच फोल्डरात ठेवली, लिस्टडिरने बाकी फाईलींबरोबर स्क्रिप्टचंही नाव दिलं, स्क्रिप्टने स्वतःलाच उघडून वाचलं, त्यात "विषय:" सापडलं आणि त्यापुढचा मजकूर इमानदारीत बाहेर काढून दिला. म्हणजे रेजेक्स चालतंय! फक्त भलत्या फाईलीवर चालतंय. (तिथे तुमची आऊटपुट फाईलही त्याच फोल्डरात तयार होते, म्हणजे लूप तिलाही उघडून वाचू शकतो. आऊटपुट नेहमी वेगळ्या फोल्डरात ठेवा.)

मग बाकीच्या फाईलींचे विषय कुठे गेले? निघाले होते, आणि पुसले गेले. आऊटपुट फाईल तुम्ही लूपच्या आत डब्ल्यू मोडमधे उघडताय, आणि डब्ल्यूचा अर्थच असा की फाईल असेल तर आधी ती कोरी कर. म्हणजे प्रत्येक फेरीला आधीची ओळ गेली, शेवटच्या फेरीचं जे काय असेल ते उरलं, आणि मॅकवर क्रमात शेवटी योगायोगाने स्क्रिप्ट आली. शेवटची फाईल फसली असती तर तिथेही रिकामंच दिसलं असतं. बरेच जण इथे डब्ल्यूच्या जागी ए मोड सुचवतील, तो करू नका, कारण मग स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवलीत की जुन्या ओळींखाली त्याच ओळी परत येतील आणि तुम्ही डुप्लिकेट कुठून आले ते शोधत बसाल. आऊटपुट फाईल लूपच्या बाहेर, वर, एकदाच उघडा, किंवा सगळे विषय एका लिस्टमधे जमवा आणि शेवटी एकदम लिहा. मला दुसरं आवडतं.

आता विंडोजवर पाथ दुरुस्त केलात की पुढची एरर येईल, ती युनिकोडडीकोडएरर असणार आणि त्यात "चारमॅप" असा शब्द, आणि बहुतेक ८डी किंवा ८१ हा बाईट डीकोड होत नाही अशी तक्रार. हे नीट समजून घ्या, कारण मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतंच.

ओपनला एन्कोडिंग सांगितलं नाही की पायथन ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवरून ठरवतो. मॅक आणि लिनक्सवर ते साधारण युटीएफ-८ असतं, इंग्रजी विंडोजवर साधारण सीपी१२५२ नावाचं जुनं कोडपेज, म्हणजे कुठला बाईट कुठलं अक्षर याचा तक्ता. तुमच्या फाईली युटीएफ-८ आहेत. युटीएफ-८ मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईटचं असतं, पहिला बाईट ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा चिन्हाप्रमाणे वेगळा. सीपी१२५२ ला हे माहीत नाही, तो एकेक बाईट म्हणजे एकेक अक्षर समजून वाचतो, म्हणून "à¤" सारखी ती टोपीवाली अक्षरं दिसतात. पण त्याच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. तो बाईट आला की पायथन थांबतो. आणि मराठीत हे बाईट कुठे येतात बघा: हलन्ताचा शेवटचा बाईट ८डी, ऱ्हस्व उकाराचा ८१, ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे फाईलीत एक जोडाक्षर आलं किंवा "पुढे" मधला साधा उकार आला की खेळ खल्लास. उलट नुसतं "विषय" हा शब्द घ्या, त्यात यातलं काहीच नाही, तो कुठलीही एरर न देता वाचला जाईल, फक्त कचरा होऊन. म्हणून लहानशी टेस्ट फाईल बनवून त्यात एकदोन शब्द लिहून बघितले तर "चालतं" असं वाटतं आणि खऱ्या फाईली फुटतात.

तर ओपनच्या कंसात एन्कोडिंग इज इक्वल टू "युटीएफ-८-सिग" द्या. वाचायला सिगवालं का, तर काही फाईलींच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाईट असतात, ईएफ बीबी बीएफ, विंडोजचं जुनं नोटपॅड युटीएफ-८ सेव्ह करताना ते घालायचं. साध्या युटीएफ-८ ने वाचलं तर ते एक अदृश्य चिन्ह बनून मजकुराच्या पुढे चिकटतं, स्क्रीनवर दिसत नाही, पण पहिलीच ओळ "विषय:" ने सुरू होते का हे स्टार्ट्सविथने तपासलंत तर उत्तर फॉल्स. सिगवालं बीओएम असेल तर काढतं, नसेल तर गप्प बसतं, दोन्हीकडे चालतं. लिहितानाही एन्कोडिंग द्यायला विसरू नका, नाहीतर वाचताना वाचलात आणि लिहिताना एन्कोडएरर. पायथन ३.१५ पासून युटीएफ-८ हेच डीफॉल्ट करायचं ठरलंय, पण तुमची स्क्रिप्ट कुठल्या मशीनवर कुठल्या व्हर्जनवर चालेल काय सांगावं, प्रत्येक ओपनला एन्कोडिंग लिहायची सवयच लावा.

कोणीतरी तुम्हाला एरर्स इज इक्वल टू इग्नोर द्यायला सांगेल. नको. एन्कोडिंगच चुकीचं असेल तर त्याने एवढंच होतं की रिकाम्या जागांचे बाईट गळतात आणि बाकीचा कचरा तसाच राहतो, एरर गेली म्हणून तुम्ही खूश आणि मजकूर मात्र कायमचा मोडका. ते एक्सेप्ट पासचंच धाकटं भावंड आहे.

एखाद्या फाईलीचं एन्कोडिंग कळत नसेल तर अंदाज लावत बसू नका, ती आरबी मोडमधे (म्हणजे कच्चे बाईट वाचायच्या मोडमधे) उघडा आणि पहिले वीस बाईट प्रिंट करा. ई० ए४ दिसलं तर देवनागरी युटीएफ-८. सुरुवातीला एफएफ एफई दिसलं तर युटीएफ-१६, जुन्या नोटपॅडमधे "युनिकोड" असा पर्याय निवडून सेव्ह केलेल्या फाईली अशा असतात, त्यांना एन्कोडिंग युटीएफ-१६ द्या. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ दिसलं तर ती पीडीएफ आहे, नाव काहीही असो, आणि पीके दिसलं तर ती झिप आहे, म्हणजे बहुधा डॉकएक्स, कारण डॉकएक्स आतून झिपच असते.

आता येऊ या रेजेक्सवर. एवढं केल्यावर बऱ्याच फाईलींचे विषय मिळतील आणि मग एखाद्या फाईलीवर ॲट्रिब्यूटएरर येईल, नॉनटाईपला ग्रुप नाही म्हणून. याचा अर्थ सर्चला काही सापडलं नाही, त्याने नन, म्हणजे "काहीच नाही", दिलं, आणि तुम्ही ननवर ग्रुप मागितलात. त्यामुळे सर्चचं उत्तर आधी व्हेरिएबलमधे घ्या, ते नन असेल तर फाईलीचं नाव "न सापडलेल्या" अशा लिस्टमधे टाका आणि कंटिन्यू. ही न सापडलेल्यांची लिस्ट शेवटी प्रिंट करा, पुढचं सगळं डीबगिंग तिच्या जिवावर होणार आहे.

मग त्या लिस्टमधली एक फाईल उघडून बघाल तर डोळ्यांना "विषय:" स्पष्ट दिसेल आणि तुम्ही म्हणाल हे काय, आहे की! डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. ती ओळ एएससीआयआय नावाच्या फंक्शनमधून प्रिंट करा, हो, पायथनमधे या नावाचं बिल्ट-इन फंक्शन आहे आणि मराठी मजकुरासाठी ते रेपर या नेहमीच्या फंक्शनपेक्षा बरं, कारण रेपर अदृश्य चिन्हं उघडी पाडतो पण देवनागरी अक्षरं तशीच दाखवतो, एएससीआयआय प्रत्येक देवनागरी आणि अदृश्य चिन्हाचा कोड दाखवतो. तिथे कोलनच्या जागी ०९०३ दिसलं तर तो कोलन नाहीच, विसर्ग आहे. "विषय:" आणि "विषयः" शेजारी शेजारी बघा, फॉन्ट थोडा लहान असेल तर फरक ओळखून दाखवा. मराठी कीबोर्डवर टाईप करणारे अर्धे लोक बिनधास्त विसर्ग टाकतात, सरकारी पत्रं बघा हवी तर. शिवाय कोणी "विषय :" अशी मधे स्पेस देतो, कोणी "विषय -" लिहितो. त्यामुळे पॅटर्नमधे "विषय" नंतर कितीही स्पेस, मग चौकटी कंसात कोलन, विसर्ग आणि डॅश (डॅश शेवटी ठेवा, मधे ठेवला तर तो "पासून पर्यंत" असा अर्थ धरतो), मग परत स्पेस, आणि मग तुमचा मजकूर.

शब्दच शोधायचा असेल तर अजून एक छुपी अडचण. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यातला तो अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो, एकतर ऱ (०९३१) आणि हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य चिन्ह (२००डी). स्क्रीनवर दोन्ही सारखे, पायथनला दोन वेगळ्या स्ट्रिंग. युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझने हे जुळत नाही, दोन्हीपैकी एक रूप तुम्हाला स्वतः रिप्लेस करून घ्यावं लागतं.

आणि टिंब ताऱ्याऐवजी, म्हणजे (.*) च्या जागी, बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस वापरून बघितलंत तर "पुस्तक" ऐवजी नुसता "प" येईल, त्याचं कारणही सांगतो, त्यात तुमची काही चूक नाही. पायथनच्या री मोड्यूलला बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर किंवा अंक, आणि काना, मात्रा, उकार, हलन्त ही त्याच्या लेखी अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. प आला, पुढे उकार आला, संपलं. देवनागरीसाठी चौकटी कंसात ०९०० ते ०९७एफ अशी रेंज द्या, त्यात झेडडब्ल्यूजे पण घाला. अंकांचं मात्र उलट आहे, बॅकस्लॅश डी ला १२३ सारखे आपले अंक कळतात आणि इंटला दिले तर त्याचा आकडाही नीट होतो. एका हाताने देतं, दुसऱ्या हाताने घेतं.

विषय दोन ओळींचा असेल तर टिंब तारा पहिल्या ओळीच्या शेवटी थांबतो, कारण टिंब नवी ओळ धरत नाही. त्यावर डॉटऑल फ्लॅग लावाल तर तो थेट फाईलीच्या टोकापर्यंत धावतो. ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावून त्याला आवरा आणि कुठे थांबायचं ते सांगा, रिकामी ओळ किंवा पुढचं लेबल, तुमच्या फाईलींत "दिनांक" असेल तर ते.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की हीच स्क्रिप्ट पीडीएफवर चालेल का. नाही. पीडीएफसाठी पायपीडीएफ ही लायब्ररी घ्या, पायपीडीएफ२ ची जुनी उदाहरणं बघत बसू नका, तिचं काम थांबून सगळं परत पायपीडीएफमधे गेलंय. एक्स्ट्रॅक्टटेक्स्ट रिकामं आलं तर ती स्कॅन केलेली पानं आहेत, तिथे चित्रातून मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट आणि त्याचा मराठी डेटा लागेल. आणि मजकूर इंग्रजी अक्षरांचा खिचडा येत असेल पण पीडीएफमधे मराठी दिसत असेल तर ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे बनवलेली आहे, तिथे आत मराठी नाहीच, नुसते आकार मराठी आहेत, त्याला कन्व्हर्टर लागतो आणि तो वेगळाच विषय आहे. युनिकोड पीडीएफमधूनही ऱ्हस्व वेलांटी कधीकधी जागा सोडून येते, तेव्हा मूळ वर्ड फाईल मिळत असेल तर मागून घ्या. वर्डच्या फोल्डरमधे टिल्डे आणि डॉलरने सुरू होणाऱ्या फाईली दिसल्या तर त्या वगळा, कोणाच्या तरी मशीनवर ती फाईल उघडी आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता स्क्रिप्ट परत लिहा, पण दोन फंक्शन करून. एक पाथ घेतं आणि टेक्स्ट परत देतं. दुसरं टेक्स्ट घेतं आणि विषय किंवा नन परत देतं. दुसऱ्याला फाईलींशी काही घेणंदेणं नाही, त्यामुळे ते तुम्ही हाताने लिहिलेल्या पाचसहा स्ट्रिंगवर तपासू शकता, विसर्गवाली, स्पेसवाली, दोन ओळींची, विषयच नसलेली. तिथे चालतंय आणि फोल्डरवर चालत नाही तर भानगड वाचण्यात आहे, रेजेक्सकडे बघायचं कारण नाही. लूप मग जेमतेम पाच ओळींचा राहतो. पहिल्यांदा तो सगळ्या फाईलींवर सोडू नका, सॉर्टेड लिस्टच्या पहिल्या तीनवर चालवा.

आऊटपुट एक्सेलमधे उघडणार असाल तर सीएसव्ही मोड्यूल वापरा, फाईल लिहितानाही युटीएफ-८-सिगच द्या, नाहीतर डबल-क्लिक केल्यावर एक्सेल तीच टोपीवाली अक्षरं दाखवेल, आणि ओपनला न्यूलाईन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, ती दिली नाही तर विंडोजवर प्रत्येक ओळीनंतर एक मोकळी ओळ येते.

एवढं करूनही न सापडलेल्यांच्या लिस्टमधे काही फाईली राहिल्या तर त्यातल्या एकीचे पहिले वीस बाईट आणि विषयाच्या ओळीचं एएससीआयआय आऊटपुट पाठवा, स्क्रीनशॉट नको, कॉपी करून टेक्स्ट, स्क्रीनशॉटमधे विसर्ग आणि कोलन मलाही सारखेच दिसतात.